क्रीडागुणांच्या आधी सामने द्या

दहावीच्या निकालाचे दिवस आले की महाराष्ट्रात क्रीडागुणांचा वाद हटकून निघतो. मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलाला 25 पर्यंत गुण मिळाले तर बिघडलं काय, असं एक बाजू विचारते. दुसरी बोगस प्रमाणपत्रांकडे बोट दाखवून सवलतच बंद करा म्हणते. अमेरिकेत शहरी सरकारी शाळांचा खेळ ज्या पद्धतीने चालतो ती पाहिली, की हा वाद उशिराच्या टप्प्यावरचा वाटतो. त्याआधी विचारायला हवं, आपल्या शाळेतल्या मुलाला वर्षात सामने मिळतात तरी किती?

इंडियानापोलिस शहरातलं क्रिस्पस ॲटक्स हायस्कूल घ्या. ही सरकारी शाळा 1927 मध्ये उघडली ती कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांपासून वेगळं ठेवण्यासाठी. इंडियाना राज्याच्या हायस्कूल क्रीडा संघटनेने 1942 पर्यंत तिला सभासदच करून घेतलं नाही. शाळेचं क्रीडागृह इतकं लहान की बास्केटबॉलचे सामने खेळायला संघाला बाहेरच जावं लागे. त्या शाळेने 1955 मध्ये प्रशिक्षक रे क्रो यांच्या हाताखाली आणि पुढे नामांकित व्यावसायिक खेळाडू झालेल्या ऑस्कर रॉबर्टसनच्या बळावर राज्य अजिंक्यपद मिळवलं. इंडियानापोलिसच्या कोणत्याही शाळेचं ते पहिलंच. विजयाची मिरवणूक मात्र शहराच्या मध्यवर्ती चौकात जल्लोष होऊ न देता तिथून पुढे काढून कृष्णवर्णीय वस्तीतल्या बागेकडे नेण्यात आली. तो अपमान या परंपरेतून वगळता येत नाही, आणि वगळूही नये. पुढच्याच वर्षी हा संघ 31 सामने खेळला आणि 31 जिंकला.

अजिंक्यपदापेक्षा 31 हा आकडा आपल्या कामाचा आहे. इंडियानातली राज्य स्पर्धा चार पायऱ्यांची आणि बाद पद्धतीची असते. आपल्या तालुका, जिल्हा, विभाग, राज्य या उतरंडीसारखीच. फरक इतकाच की तिथे बाद फेरीच्या आधी वीसेक सामन्यांचा ठरलेला हंगाम असतो आणि त्यात कितीही हार झाली तरी प्रत्येक शाळेला राज्य स्पर्धेच्या पहिल्या पायरीवर जागा असते. आपल्याकडे बाद फेरी हाच सगळा हंगाम. तालुक्यात 16 संघ उतरले तर पहिल्या फेरीनंतर 8 घरी जातात. त्या मुलांचं वर्ष कबड्डीच्या एका सामन्यात, म्हणजे तासाभरात, संपतं. त्या पराभवातून शिकायला पुढचा सामनाच नसतो, आणि शिक्षकालाही सरावाचं कारण उरत नाही.

शिवाय तिथे एका शाळेचा एकच संघ नसतो. मुख्य संघाला व्हर्सिटी म्हणतात, त्याखाली ज्युनियर व्हर्सिटी आणि बऱ्याच ठिकाणी नववीच्या मुलांचा तिसरा. ज्युनियरचा सामना मुख्य सामन्याच्या आधी त्याच संध्याकाळी, त्याच मैदानावर होतो, त्यामुळे पंच आणि बस यांचा खर्च फारसा वाढत नाही. एकट्या बास्केटबॉलमध्ये तीसेक मुलं खेळत राहतात. मुलींचं तर शिक्षणात लिंगभेदाला बंदी घालणाऱ्या 1972 च्या कायद्याने चित्रच पालटलं: त्याआधी देशभरात तीन लाखांहून कमी मुली हायस्कूलचे खेळ खेळत, आज ही संख्या तीस लाखांच्या वर आहे.

अभ्यासाचं नातं तिथे उलट्या दिशेने जोडलेलं आहे. खेळलास म्हणून गुण नाहीत. पास झालास तर खेळ. इंडियानाचा नियम सांगतो की मागच्या सत्रात 70 टक्के विषयांत, म्हणजे सातपैकी पाच विषयांत, उत्तीर्ण असावं. दोन विषय राहिले तरी मूल संघातून जात नाही, आणि ही सैल मर्यादा मला फार शहाणपणाची वाटते. टेक्सासने 1984 मध्ये कडक नियम आणला: एका विषयात 70 पेक्षा कमी गुण, की सहा आठवडे खेळ बंद. ज्याला शाळेत टिकवून ठेवणारा एकच धागा मैदानाचा आहे त्याचाच तो धागा तुटू लागला, अशी ओरड झाली. 1995 मध्ये ही मुदत तीन आठवड्यांवर आली.

सगळंच उचलण्यासारखं नाही. अमेरिकन फुटबॉलमधल्या डोक्याच्या दुखापती भयंकर आहेत. चांगल्या खेळाडूंना शाळा बदलायला लावण्याचे प्रकार चालतात. शहरी शाळांना बसभाड्यासाठी झगडावं लागतं, तर श्रीमंत उपनगरांत स्वतःची स्टेडियमं असतात. आपल्याला स्टेडियम नको, हंगाम हवा.

तो कबड्डीपासून सुरू करता येईल. एका प्रभागातल्या 8 शाळा घ्या. बाद पद्धतीत त्यांचे एकूण 7 सामने होतात, साखळीत 28. प्रत्येक संघाला 7 सामने हमखास, दर शनिवारी 4, असे सात शनिवार. कुमारांचं मैदान 13 बाय 10 मीटरचं, मुलींचं 12 बाय 8. भोवतीची मोकळी जागा धरूनही साध्या पटांगणात दोन सहज बसतात. एकावर मुलं, दुसऱ्यावर मुली. आदल्या संध्याकाळी माती उकरून पाणी मारलं नाही तर जमीन दगडासारखी होते आणि पहिल्याच शनिवारी गुडघे सोलवटतात. संघात 12 जण असतात. प्रत्येक सामन्यात बाराही जणांना मैदानात उतरवायची अट पहिल्या दिवशीच लिहून घ्यावी, नाहीतर पाच जण सात शनिवार बाकावर बसून राहतील.

अडेल ते पंचांपाशी. कबड्डीला एक सरपंच (मुख्य पंच), दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक लागतात. शाळेच्या क्रीडाशिक्षकालाच पंच केलं की तिसऱ्या शनिवारी भांडण ठरलेलं. जवळच्या कबड्डी मंडळांतले जुने खेळाडू मानधन देऊन बोलवावेत आणि गुणलेखन नववीच्या मुलांना शिकवावं. दुसरी अडचण वेळापत्रकाची. जिल्हा स्पर्धा पावसाळ्याच्या आसपास उरकल्या जातात, कारण पुढे राष्ट्रीय शालेय स्पर्धांच्या तारखा असतात. त्यामुळे साखळी दिवाळीनंतर ठेवावी लागेल आणि तिच्यातून त्याच वर्षीची निवड होणार नाही. ते सोसावं. नोव्हेंबर ते जानेवारीत खेळलेला आठवीचा मुलगा पुढच्या ऑगस्टमध्ये सात सामने पाठीशी घेऊन उतरेल. आणि क्रीडागुण ठेवायचेच असतील तर ते याच साखळीच्या गुणपत्रकांवरून द्यावेत. सात सामन्यांचे कागद सात वेगवेगळ्या शाळांच्या सह्यांनिशी खोटे बनवणं एका प्रमाणपत्रावर शिक्का मारण्याइतकं सोपं नाही.