तीन अब्ज शहात्तर कोटी

साखर कारखान्याच्या गळीत हंगामामुळे पुण्यात एसीत बसलेल्या माणसाची झोप उडू शकते, यावर आमच्या घरात कुणाचाही विश्वास नाही. "तू काय कोयता घेऊन फडात जातोस का?" असं बायको विचारते. नाही जात. पण तोडलेल्या उसाचं वजन शेवटी माझ्याकडेच येतं. कारखान्याच्या वजनकाट्यावर बैलगाडी, ट्रॅक्टर, ट्रक, जे काही उभं राहील त्याची नोंद होते. पाळी संपली की त्या नोंदींची एक फाईल बनते आणि आमचा पुण्यातला सर्व्हर ती तिकडच्या सर्व्हरवरून ओढून आणतो. त्यावर शेतकऱ्यांची बिलं निघतात. ऊस घातल्यापासून १४ दिवसांच्या आत एफआरपी (उसाचा सरकारनं ठरवलेला किमान भाव) द्यायची, असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय. ते पाळलं जातं की नाही यावर बोलायला माझ्यापेक्षा लायक माणसं आहेत आणि ती वेळोवेळी रस्त्यावर बसून बोलतातही. माझं काम एवढंच, की उशीर झालाच तर तो फाईलमुळे झाला असं कुणाला म्हणता येऊ नये.

कारखान्याचं नाव सांगत नाही. हंगाम अजून चालू आहे.

फाईल आणायला आम्ही एसएफटीपी, म्हणजे फाईली कुलूपबंद करून ने-आण करायची पद्धत, वापरतो. इतकी संशयी वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही. तिच्या खाली असतं एसएसएच, दूरच्या संगणकाशी गुप्तपणे बोलायची सोय. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरून टिपत असल्याचं उघडकीला आलं, त्या वैतागातून तातू इलोनेन नावाच्या संशोधकानं ते लिहिलं. फाईली नेणाऱ्या जुन्या एफटीपीचा पोर्ट (संगणकात शिरायचं क्रमांकाचं दार) २१, दुरून लॉगिन करायच्या टेलनेटचा २३, मधला २२ रिकामा दिसला म्हणून त्यानं संबंधितांना ईमेल टाकून तो मागितला आणि दुसऱ्या दिवशी मिळालासुद्धा. सगळ्या जगासाठी. तोच पोर्ट आमच्या एका फायरवॉलमध्ये (नेटवर्कचा पहारेकरी) उघडून घ्यायला मला फॉर्म, त्या फॉर्मसाठी मंजुरी आणि मंजुरी देणारे साहेब रजेवरून परत येण्याची वाट, एवढं सगळं लागलं.

तर हे दोन सर्व्हर भेटतात तेव्हा आधी कुठल्या पद्धतीनं बोलायचं ते ठरवतात. मग चारचौघांत उभं राहून, कुणालाही कळू न देता, एक गुप्त किल्ली ठरवतात. (हे गणितानं जमतं. कसं जमतं ते मी परीक्षेपुरतं वाचलं होतं.) समोरचा सर्व्हर खरा आहे ना, हेही तेव्हाच तपासलं जातं. त्यानंतरचा एकेक शब्द कुलपात घालून पाठवायचा. मग माझी किल्ली तपासली जाते, तीही कुलपातच. हे सगळं निर्विघ्न पार पडायचं, आणि कामाचं पहिलं वाक्य बोलायची वेळ आली की आमचा सर्व्हर फोन आपटायचा. जाताना इंग्रजीत एवढंच म्हणायचा: रिसीव्हड मेसेज टू लाँग ३७६८८९१६१६. म्हणजे, आलेला निरोप फार लांब आहे, तीन अब्ज शहात्तर कोटी अठ्ठ्याऐंशी लाख आणि वर काही.

गाळपाच्या आधी घेतलेल्या चाचण्या सुरळीत झाल्या होत्या. मोळी गव्हाणीत पडली, सनईचौघडा वाजला, चेअरमनसाहेबांच्या हस्ते नवीन सर्व्हरचंही उद्घाटन झालं आणि त्याच दिवसापासून फाईल यायची बंद झाली. शुभमुहूर्तावर संशय घ्यायची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून आम्ही बाकी सगळ्यांवर घेतला.

कारखान्याच्या ईडीपी, म्हणजे संगणक, विभागात फोन केला. "साहेब, आमच्याकडनं चालू आहे," तिकडचा पोरगा म्हणाला. हे वाक्य मला पाठ आहे, मी स्वतः ते अनेकांना ऐकवलंय. पण हा पोरगा प्रामाणिक निघाला. त्यानं पुरावा म्हणून स्क्रीनचा मोबाईलवर काढलेला फोटो पाठवला. फोटोत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब होतं, त्याची स्वतःची दोन बोटं होती आणि काळ्या स्क्रीनवर व्यवस्थित लॉगिन झालेलं दिसत होतं. सर्वांत वर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'सुप्रभात! कारखान्याच्या संगणक प्रणालीत आपले सहर्ष स्वागत आहे.' आमच्या मॅनेजरांनी तो फोटो मीटिंगमध्ये मोठा करून दाखवला. "बघा, ग्रामीण भागातले लोक मराठी किती छान वापरतायत," ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. गुन्हेगार भिंतीवर सहा फूट रुंद झळकत होता आणि आम्ही त्याच्या शुद्धलेखनाचं कौतुक करत होतो.

मग नेहमीचे प्रयोग झाले. नेटवर्कवाल्यांनी एमटीयू (एका खेपेत जाणाऱ्या पाकिटाचा कमाल आकार) कमी केला; ते काहीही झालं तरी एमटीयू कमी करतात. फायरवॉलवाल्यांनी "आमच्याकडे काही अडत नाही" असं दोन पानांत लिहून दिलं. कुणीतरी तो आकडा बाइटमध्ये धरून हिशोब केला, साडेतीन जीबी निघाले, आणि कारखान्याला मेल गेली की कृपया फाईल लहान करून पाठवावी. मूळ फाईल व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या गुड मॉर्निंगच्या चित्रापेक्षाही लहान होती. तिकडच्या पोरानं बिचाऱ्यानं तीही झिप केली.

खरी गंमत आकड्यांनी केली. आकडा एक नव्हता, तीन होते. सकाळी ३७६८८९१६१६ यायचा, दुपारच्या पाळीला ३७६८८८७५२० आणि रात्री ३७६८८९११०४. कितीही वेळा चालवा, पाळी तीच तर आकडा तोच. मॅनेजरांनी याचा आलेख काढला. "सकाळी ऊस जास्त येतो, म्हणून आकडा मोठा," असा निष्कर्ष त्याखाली ठळक अक्षरांत लिहिला. यावर काय बोलावं ते सुचत नव्हतं, तेवढ्यात स्टोरेजवाल्यानं वजाबाकी केली.

सकाळ वजा दुपार: बरोबर ४०९६. सकाळ वजा रात्र: बरोबर ५१२.

संगणकात काम न करणाऱ्यांना या दोन आकड्यांत थरारक वाटण्यासारखं काही नाही. पण ५१२ बाइट हा डिस्कच्या सेक्टरचा जुना माप आणि ४०९६ हा फाईल सिस्टिमच्या ब्लॉकचा. असे आकडे योगायोगानं येत नसतात. "डिस्क चाललीय," तो डॉक्टरी आवाजात म्हणाला. खोली गप्प झाली. नव्याकोऱ्या, हार घातलेल्या सर्व्हरची डिस्क बदलायचं ठरलं. इतकी देखणी, पुराव्यानिशी सिद्ध झालेली आणि साफ चुकीची उपपत्ती मी नोकरीत दुसरी ऐकलेली नाही. आजही तिच्याबद्दल मला आदर आहे.

डिस्कची ऑर्डर मंजुरीला गेली तेवढ्या वेळात मी तिन्ही आकडे कॅल्क्युलेटरवर षोडशमान पद्धतीत लिहून काढले, म्हणजे शून्य ते नऊ आणि पुढे ए ते एफ अशा सोळा अंकांत; दोन अंकांची एक जोडी म्हणजे एक बाइट. सकाळचा निघाला ई० ए४ बी८ ई०. दुपारचा ई० ए४ ए८ ई०. रात्रीचा ई० ए४ बी६ ई०.

ई० ए४! मराठी मजकूर घेऊन ज्यानं कधी संगणकाशी झटापट केलीय, त्याला ही जोडी झोपेतही ओळखू येईल. अर्जात 'नारायण' लिहावं आणि पावतीवर डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि शेजारी चार पायांचा गोल किडा, पुन्हा तोच ए, पुन्हा तोच किडा अशी रांग उमटावी, ती हीच जोडी. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या रूढ पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइट खातं आणि अ पासून ह पर्यंत सगळ्यांची सुरुवात ई० ए४ नंच होते. ई० ए४ बी८ म्हणजे स. ए८ वाला न. बी६ वाला श. शेवटचा ई० हा पुढच्या अक्षराचा पहिला बाइट.

स, न, श. सकाळ, दुपार, रात्र. सुप्रभात, नमस्कार, शुभ रात्री.

आता सगळं उलगडलं. एसएफटीपीत प्रत्येक निरोपाचे पहिले चार बाइट म्हणजे त्या निरोपाची लांबी. आमचा सर्व्हर कान टवकारून त्या चार बाइटची वाट पाहत असायचा आणि पलीकडून यायचं 'नम'. तेही पुरतं नाही, न आणि म चा पहिला तुकडा. त्यानं तो आकडा समजून वाचला. मर्यादा २,६२,१४४ बाइटची, नमस्कार तीन अब्जांचा, त्यानं नाकारला. आणि ती वजाबाकी? युनिकोडच्या, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या, तक्त्यात न पासून स सोळा घरं पुढे आहे; त्या आकड्यात एका घराची किंमत २५६, म्हणून सोळा गुणिले २५६ म्हणजे ४०९६. श आणि स यांच्यात फक्त पोटफोड्या ष, म्हणजे दोन घरं, म्हणजे ५१२. डिस्क ठणठणीत होती. स्टोरेजवाल्याला हे सांगितलं तेव्हा त्यानं बराच वेळ बाराखडीकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

खात्री करायला एक सोपी चाचणी आहे. पलीकडच्या मशीनवर एसएसएचनं 'ट्रू' नावाची आज्ञा चालवायची. ही आज्ञा काहीही करत नाही. काहीही न करणं आणि ते यशस्वीपणे केलं असं कळवणं, एवढंच तिचं काम; तिला आमच्याकडे बढती मिळाली असती. स्क्रीनवर काहीच उमटता कामा नये. मी चालवली. उमटलं: 'नमस्कार! कारखान्याच्या संगणक प्रणालीत आपले सहर्ष स्वागत आहे.'

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट नंतर कळली. ओपनएसएसएच या आम्ही वापरत असलेल्या एसएसएच प्रोग्रॅमच्या आताच्या आवृत्त्या त्या आकड्याच्या खाली आणखी एक ओळ छापतात: पलीकडचं शेल (आज्ञा ऐकणारा प्रोग्रॅम) माणूस समोर नसताना काही बडबडत नाही ना, ते बघा. म्हणजे उत्तर रोज, दर पाळीला, छापून येत होतं. पण इशारा एसएमएसमध्ये मावावा म्हणून आमच्या नोकरी सोडून गेलेल्या एका विद्वानानं फक्त पहिली ओळ पुढे पाठवायची सोय करून ठेवली होती. तो आता बंगळुरूत आहे, मजेत आहे, लिंक्डइनवर 'प्रभावी संवाद' या विषयावर लिहितो.

कारखान्यात फोन लावला. पोरानं लगेच कबूल केलं. उद्घाटनाच्या दिवशी चेअरमनसाहेबांनी एंटर दाबल्यावर काहीतरी दिसायला हवं, म्हणून त्यानं बॅश या शेलनं सुरुवातीला वाचायच्या 'बॅशआरसी' फाईलमध्ये वेळ बघून स्वागत करणाऱ्या ओळी टाकल्या होत्या. अगदी वरती, पहिल्या ओळीपासून. त्यांच्या लगेच खाली इंग्रजीत मूळचीच सूचना होती: समोर माणूस नसेल तर इथूनच परत फिरा. पण परत फिरण्याआधी स्वागत होऊन जायचं. एरवी बॅश अशा वेळी ही फाईल वाचतही नाही. एसएसएचमार्फत कुणी आलं तर मात्र आवर्जून वाचतं. आणि माणसांचं लॉगिन आणि फाईल नेण्याचं लॉगिन एकच ठेवलेलं, त्यामुळे नमस्कार दोघांनाही.

"मग त्या ओळी काढ ना," मी म्हटलं.

"काढता येणार नाही, सर. साहेबांशी बोला."

ईडीपीचे साहेब लाइनवर आले. शांत, वजनदार आवाज. "त्याचं असंय, नारळ फोडलाय त्याच्यावर. चेअरमनसाहेबांना फार आवडलं ते. पेपरला फोटो आलाय. आता काढलं आणि उद्या एखादे संचालक बघायला आले, तर मी काय सांगू? पुण्याच्या लोकांना नमस्कार चालत नाही म्हणून?"

हे वाक्य एकदा तिकडे पसरलं असतं तर पुढची शंभर वर्षं पुसलं गेलं नसतं. मी घाईघाईनं म्हटलं, "नमस्कार काढायचा नाहीये, साहेब. फक्त खाली सरकवायचाय."

"खाली?" त्यांना ते जास्तच लागलं.

"म्हणजे असं, की माणूस आला तर नमस्कार करायचा. नुसतं मशीन आलं तर नाही करायचा."

पलीकडे थोडा वेळ विचार झाला. "मशीनला कशाला नमस्कार करायचा," ते म्हणाले, "ते काय सभासद आहे का?" आणि मंजुरी मिळाली. तोंडी. लेखी घ्यायला गेलो असतो तर विषय संचालक मंडळापुढे गेला असता.

पोरानं त्या ओळी सूचनेच्या खाली नेल्या. 'ट्रू' गप्प बसली. दुपारच्या पाळीची फाईल निमूट आली आणि मागे अडकलेल्या तिच्या बहिणी एकामागोमाग एक आल्या. एक शंका मात्र मी त्याला विचारलीच: रात्रपाळीवाले कामावर येऊन लॉगिन करतात तेव्हा त्यांना 'शुभ रात्री' कशाला? "झोपू नये म्हणून आठवण, सर," तो म्हणाला. डिस्कची ऑर्डर या सगळ्यानंतर मंजूर झाली. ती डिस्क आमच्या कपाटात आहे, खोक्यासकट.

हल्ली ३७६८८ नं सुरू होणारा आकडा दिसला की मी उपपत्त्यांची वाट पाहत नाही. परवा दुसऱ्याच एका कारखान्याची फाईल अडली. आकडा होता ३७६८८८९५६८. कागदावर मांडला: ई०, ए४, बी०, ई०. र. तिकडच्या ईडीपीला फोन लावला.

"राम राम साहेब!" पलीकडून खणखणीत आवाज आला.

"हां," मी म्हटलं, "त्याचंच जरा बघायचं होतं."