प्रतिक्रियेला उत्तर : ‘चाळून’ या शब्दाबद्दल

टस्करोरा या अमेरिकेतल्या मूलनिवासी लोकांच्या भाषेवरच्या माझ्या लेखावर एका वाचकांनी लिहिलंय : ‘ताई, विकिपीडिया चाळून लेख होत नाही. त्यांच्या भाषेत म, प नाहीत हे खोटं, शब्दकोशात आहेत. आणि त्यांनी म्हणे उत्तरेकडे स्थलांतर केलं! युद्धात मेले, गुलाम म्हणून विकले गेले, उरले ते पळाले.’

आधी चूक कबूल करते. म आणि प तिथे आहेत, पण बाहेरून आलेल्या शब्दांत. अस्सल टस्करोरा शब्द बोलताना ओठ मिटावे लागत नाहीत. ‘अस्सल’ म्हणायचं माझ्याकडून राहिलं. पण म्हणून थेट ‘खोटं’? ‘ऑफिस’मधला ऑ आपण रोज बोलतो, म्हणून तो ज्ञानेश्वरीत सापडतो का?

आता ‘चाळून’. दादा, मी नऊ वर्षं न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोला काढली आहेत. लुईस्टनजवळची त्यांची वस्ती माझ्या घरापासून जेमतेम अर्ध्या तासावर. शेजारीच तो अवाढव्य जलाशय, ज्याच्यासाठी त्यांची सुमारे ५५० एकर जमीन गेली. १९६० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ते हरले. त्याच्या बांधावरून मी कितीदा गाडी नेली असेल. जुलैतल्या त्यांच्या मेळाव्यात बाकावर बसून मक्याचं सूप प्यायले आहे. तिथे एक आजी मखमली टाचणगादीवर मणी शिवत होत्या. टाक्यात मावतील त्याहून जास्त मणी ओवायचे, म्हणजे ओळ कमानीसारखी वर उठते. हे मला त्यांच्या बोटांकडे बघून कळलं, विकिपीडियावरून नाही. घरी येऊन आरशासमोर ओठ न मिटता ‘मामा’ म्हणून पाहिलं. ‘नाना’च निघालं. तुम्ही केलंय हे कधी?

आणि ‘ताई’ कशाला? आपली ओळख नाही. झापायचं असलं की मराठी माणसाला नातं आठवतं.

राहता राहिलं स्थलांतर. १७१३च्या मार्चमध्ये उत्तर कॅरोलायनात त्यांचा निओहेरोकाचा किल्ला पडला, ९००हून अधिक माणसं मेली किंवा पकडली गेली, हे मलाही ठाऊक आहे. लेख भाषेवर होता. सगळं एकातच कोंबायचं का? १७२२च्या सुमारास इरोक्वॉय या उत्तरेकडच्या मूलनिवासी राष्ट्रांच्या संघात सहावं राष्ट्र म्हणून त्यांना घेतलं, म्हणजे उत्तरेत पोचलेच होते ना? मग पोचण्याला मराठीत दुसरं काय म्हणतात?

असो. ‘अस्सल’ आज लेखात घातलंय. ‘स्थलांतर’ आहे तसंच ठेवलंय.