चेकनाक्याच्या अलीकडचं मृत्युपत्र

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सारांश असा: मृत्युपत्र रजिस्टर असलं की कोर्ट नको, फ्लॅट नॉमिनीचा, ठाण्या-नवी मुंबईत प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) कधी लागतच नव्हतं, आता तर ते देशातूनच गेलं, आणि वकिलाऐवजी एखाद्या जाणकाराला मुखत्यारपत्र दिलं की काम फत्ते. काकांच्या नौपाड्यातल्या घरासाठी मी वकील न देता हेलपाटे घातलेत, म्हणून लिहितो.

मृत्युपत्राची नोंदणी 1908च्या नोंदणी कायद्याप्रमाणे ऐच्छिक आहे. केली तर उत्तमच, पण नंतर साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर केलेलं मृत्युपत्र आधीच्या रजिस्टर मृत्युपत्राला रद्द करू शकतं. वाद झाला की रजिस्ट्रारचा शिक्का पुरत नाही, साक्षीदार लागतो. काकांच्या दोन साक्षीदारांपैकी एक वारले होते. दुसरे डोंबिवलीला मुलाकडे राहायला गेलेले. त्यांना शोधण्यात जेवढे दिवस गेले तेवढे अर्ज लिहिण्यात गेले नाहीत.

नॉमिनीचं थोडक्यात. सहकार कायद्यातल्या 2019च्या दुरुस्तीनुसार तो वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद. कंपन्यांच्या शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023मध्ये स्पष्ट केलंय.

प्रोबेटच्या दाव्यात मात्र अर्धं खरं आहे, आणि तेच जास्त घातक. 1925च्या भारतीय वारसा कायद्यातली हिंदूंच्या मृत्युपत्रांवरची प्रोबेटची सक्ती मुंबई, चेन्नई, कोलकात्यापुरती होती. मुंबई-ठाण्याच्या हद्दीवरचा मुलुंड चेकनाका ओलांडला की नियम बदलायचा. पण सक्ती दोन गोष्टींवर ठरायची: मिळकत कुठे आणि मृत्युपत्र झालं कुठे. काकांचं घर ठाण्यात, सही मात्र मुलुंडच्या हॉस्पिटलात खाटेवर झालेली! झालं, नाक्यापलीकडचा नियम आमच्या गळ्यात. डिसेंबर 2025मध्ये संसदेने हे 213 कलमच काढून टाकलं. म्हणजे सक्ती गेली. प्रोबेट गेलेलं नाही. उद्या एखादा भाऊ ‘ही सही दादांची नाहीच’ म्हणाला, तर कोर्टाचं प्रोबेट हाताशी असणं आणि नसणं यात फार फरक पडतो.

आता वकील. स्वतःचा अर्ज स्वतः चालवायला कायद्याची आडकाठी नाही. मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे त्याची अंमलबजावणी करणारा, म्हणून कुणाचं नाव असेल तर प्रोबेट त्यालाच मिळतं. नाव नसेल तर अर्जाचा प्रकार वेगळा, तिथेच पुष्कळ जण चुकतात. मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, मिळकतीची यादी, सगळ्या वारसांचे पत्ते, साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र, कोर्ट फी, मग नोटिसा. कंटाळवाणं, पण जमण्यासारखं. आमच्या चुलत भावंडांनी संमती दिली म्हणून जमलं, हेही कबूल करतो. कुणी हरकत घेतली की अर्जाचा दावा होतो आणि साक्षीदारांची उलटतपासणी सुरू होते. तिथे मी एक दिवसही वकिलाशिवाय उभा राहिलो नसतो.

जाणकार मित्र तुमचे कागद लावून देईल, पण मुखत्यारपत्राच्या जोरावर त्याला वकिलासारखा युक्तिवाद करता येत नाही. आणि गेलेल्या माणसाने हयातीत दिलेलं मुखत्यारपत्र? काकांचं माझ्याकडे होतं, व्यवस्थित नोटरी केलेलं. ते घेऊन मी बँकेत गेलो. खिडकीपलीकडच्या बाईंनी कागद न उघडताच परत सरकवला. म्हणाल्या, “काका गेले ना? मग हेही गेलं.”