“वंश खुंटला” म्हणे!

आज सकाळी घरच्या ग्रुपवर काकांनी आमच्या घराण्याची वंशावळ टाकली. मेहनत घेतलीय, नाही म्हणत नाही. पण माझ्या आजोबांच्या नावापुढे कंसात लिहिलंय, “दत्तक. मूळ वंश खुंटला.” तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

आजोबा सात वर्षांचे असताना पणजीच्या मांडीवर दत्तक बसले. पहिल्या रात्री रडत होते, तर तिनं लुगड्याचा पदर त्यांच्या मुठीत दिला आणि तो धरूनच ते झोपले. मला हे त्यांनी पन्नासदा तरी सांगितलं असेल. पुढे तिचं दुखणंखुपणं, तिचे दिवस, शेत, घरचे देव, सगळं त्यांनीच केलं. मग खुंटलं काय?

आम्ही साताऱ्याकडची माणसं. “मूळ वंश” ऐकलं की आम्हाला इंग्रजांचा हिंदुस्थानातला गव्हर्नर-जनरल डलहौसीच आठवणार. १८४८ मध्ये साताऱ्याचे छत्रपती अप्पासाहेब महाराज गेले. मरणाआधी त्यांनी दत्तक घेतला होता. डलहौसीनं तो मानला नाही, राज्य खालसा केलं. मग झाशी, मग नागपूर. तिथल्या भोसल्यांचं जडजवाहीर लिलावात विकलं, हो, लिलावात!

आता या माणसाच्या स्वतःच्या घरात काय झालं ते ऐका. हे स्कॉटलंडमधलं रॅमसे घराणं. एडिंबराच्या दक्षिणेला एस्क नदीकाठी त्यांचा डलहौसी किल्ला, १६३३ पासून घरात अर्लपद, म्हणजे पिढीजात सरदारकीचा किताब. हा धाकटा. थोरले दोघे भाऊ आधीच वारले, म्हणून १८३८ मध्ये दहावा अर्ल झाला. पंजाब घेतल्यावर १८४९ मध्ये राणीनं त्याला मार्क्विस केलं, म्हणजे अर्लच्या वरची पायरी, आणि त्या किताबात पंजाबचं नावसुद्धा गोवलं. पण हा किताब फक्त पोटच्या मुलाकडे जाणार होता. आणि त्याला दोन मुलीच होत्या, सुसान आणि ईडिथ. १९ डिसेंबर १८६० ला, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्याच किल्ल्यात तो गेला आणि मार्क्विसपद त्याच्याबरोबर संपलं. उणीपुरी अकरा वर्षं! जुनं अर्लपद चुलतभावाकडे गेलं, ते आजही चालू आहे.

ईडिथचा नवरा कोण माहीत आहे? जेम्स फर्ग्युसन. पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, पुण्यातलं फर्ग्युसन कॉलेज त्याच्याच नावाचं. ईडिथचा मुलगा चार्ल्स न्यूझीलंडचा गव्हर्नर-जनरल झाला. म्हणजे लेकीचा मुलगा आईच्या वडिलांसारखाच गव्हर्नर-जनरल, तरी किताबाच्या हिशोबानं वारस कुणीच नाही! रक्त होतं हो, फक्त लेकीचं होतं.

बरं, त्यांच्याकडे कायदाच तसा, तो त्याच्या घरालाही लागला, हे मान्य. रेल्वे, तार आणि अर्ध्या आण्याचं टपालही त्याच्याच काळातलं, तेही मान्य. पण त्याचा किताब गेला तेव्हा त्याच्या लेकींचे दागिने कुणी लिलावात काढले नाहीत. आमच्या राण्यांचे काढले.

लिहिता लिहिता एका गोष्टीपाशी मात्र राग निवतो. १८५३ मध्ये त्याची बायको आजारी म्हणून मायदेशी निघाली आणि वाटेत जहाजावरच वारली. मग थोरली सुसान बापाजवळ राहायला कलकत्त्याला आली. १८५६ मध्ये तो परत निघाला तेव्हा पायाच्या दुखण्यानं त्याला धड चालवतही नव्हतं. त्या घरी बापाजवळ बसायला लेक होती. हे तरी वंशच ना? आमच्या पणजीजवळ शेवटी कोण बसलं होतं? सात वर्षांचा असताना पदर धरून झोपलेला तिचा मुलगा. सत्तेचाळीस वर्षांचा झाला होता तेव्हा, आणि तिचा हात सोडायला तयार नव्हता.

काका, तुमचा मान ठेवून सांगते, तो कंस आजच काढा. आजोबांच्या वर पणजीचं नाव लिहा, तेही नाही तुमच्या कागदावर. परवा तिची तिथी आहे. पान वाढायला मी येतेय.