सातला निघायचं म्हणजे नक्की कितीला?

दर उन्हाळ्यात घरच्या सहलीला तेच! ग्रुपवर ठरतं, "सकाळी ७ ला निघू, ऊन चढायच्या आत पोचू." सगळ्यांचे अंगठे वर. मी येडी पावणेसातला पोरांना बूट घालून दारात उभी. साडेसातला भाऊजींचा फोन, "वहिनी, उठलात का?" आठला जाऊबाईंचं "निघालोच." (हे 'निघालोच' आंघोळीआधीचं असतं, एवढं मला आता कळतं.) मग कोणाच्या गाडीत कोण, यावर अर्धा तास संसद.

पोचतो साडेअकराला. सकाळी १० ते दुपारी ४ ऊन सगळ्यात घातक असतं, आणि आपली सावली आपल्याहून आखूड झाली की सावलीत बसावं, हे शाळकरी पोरालाही माहीत. आमची सावली तर पायाखाली लपलेली असते! झाडाखालच्या जागा सकाळी आलेल्यांनी केव्हाच धरलेल्या. सनस्क्रीन दर २ तासांनी पुन्हा लावायचं असतं. मी लावलेलं निघण्याआधीच संपलं.

आणि परतताना सगळ्यात आधी घाई कोणाला? भाऊजींना. "ऊन फार आहे हो, पुढच्या वेळी ६ ला निघू."