'अपर्णा' नाव अशुभ म्हणणाऱ्यांनो, आधी तो श्लोक वाचा

'मुलीचं नाव अपर्णा ठेवू नका. अपर्णा म्हणजे पानं झडलेलं झाड. अशा मुलीचा वंश खुंटतो. अ लावून नकार देणारी नावं घरात नकोत. नाव जन्मनक्षत्राच्या अक्षरावरूनच ठेवा.' खाली नाव बदलून देणाऱ्याचा फोन नंबर. कोल्हापुरातल्या निम्म्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. आमच्या घरी भाचीचं बारसं तोंडावर आलंय, आत्या म्हणून नाव मी सुचवलेलं, आणि बाळंतीण वहिनी हे वाचून रडत बसली. म्हणून लिहिणं भाग आहे.

वंश खुंटतो म्हणे! कालिदासाच्या 'कुमारसंभवा'चा पाचवा सर्ग उघडा. शिवासाठी पार्वती तप करते आहे. झाडावरून आपोआप गळलेल्या पानांवर राहणं ही तपाची परिसीमा. तिनं तीही पानं सोडली, म्हणून जुने जाणकार तिला अपर्णा म्हणतात, असं तिथं स्वच्छ लिहिलंय. वाळक्या झाडाचा संबंध येतोच कुठे? पानसुद्धा न खाता तप करणारी, ती अपर्णा. त्याच सर्गाच्या शेवटी शिव तिला म्हणतो, 'तवास्मि दासः', तुझ्या तपानं विकत घेतलेला तुझा दास. पुढं याच जोडप्याच्या पोटी कार्तिकेय येतो. काव्याचं नावच कुमाराच्या जन्मावरून आहे, आणि त्यातल्या नायिकेच्या नावानं वंश खुंटतो? मूल होत नाही म्हणून आधीच बोलणी खाणाऱ्या एखाद्या अपर्णेनं हे वाचलं तर तिला काय वाटेल, याचा पुढं ढकलणाऱ्यांनी क्षणभर तरी विचार करायचा होता.

शब्द फोडला की 'अ' आणि 'पर्ण' निघतं, एवढं खरं. पण मग अनघा, अनसूया ही नावंही टाकायची का? लग्नात डोक्यावर पडतात त्या अक्षतांतही तोच 'अ' आहे. अमरकोशात पार्वतीची नावं आहेत तिथं अपर्णा आणि अंबिका एकाच ओळीत येतात. नवरात्रात आपल्याकडं बायका ललितासहस्रनाम म्हणतात, त्यातही अपर्णा आहेच. देवीपुढं हात जोडून घ्यायचं नाव पाळण्यात अशुभ कसं होतं?

नक्षत्राचं अक्षर हवं असेल तर पत्रिकेत नावरस नाव घालतात, हाक मारायचं नाव वेगळं असतं. हे आपल्या घरांत चालत आलंय. त्या नंबरवर कुणी फोन करू नका, पैसे तर मुळीच देऊ नका.