'लॅबचं तोंड न पाहिलेल्या' लेखकाचं उत्तर

ऐरोलीकर महोदय, तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली, पण मुद्दाम सकाळपर्यंत थांबलो. लिथियम-आयन बॅटरीच्या ॲनोडसाठी (ऋण टोकासाठी) निकेल फोमवर, म्हणजे स्पंजासारख्या सच्छिद्र निकेलवर, वाढवलेल्या कोबाल्ट ऑक्साइडच्या नॅनो सुयांवरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही, हरकत नाही. फोमचं वजन धरलं नाही, पहिल्याच चार्ज-डिस्चार्जमध्ये जी क्षमता कायमची जाते तो पहिल्या सायकलचा तोटा लपवला, कोबाल्ट महाग, इथवर ठीक. पण शेवटी 'सुया फोमला नुसत्या चिकटून राहतात म्हणे, लेखकाने लॅबचं तोंड पाहिलेलं दिसत नाही' हे जे काय लिहिलंय, त्याची काही गरज होती का?

फोटोवर मोजमापाची पट्टी, म्हणजे स्केल नव्हती, हेही मान्य. आजच टाकतो.

आता चिकटण्याचं. माझी उमेदीची वर्षं वागळे इस्टेटमध्ये प्लेटिंगच्या टाक्यांपाशी गेलीत. जॉबवरचं, म्हणजे प्लेटिंगला आलेल्या वस्तूवरचं, तेल-ग्रीस नीट काढलं नाही, पिकलिंग म्हणजे ॲसिडची धुलाई अर्धवट झाली की निकेलचे पापुद्रे कसे सुटतात आणि मग गिऱ्हाईक काय काय बोलतं, हे मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. फोमचंही तेच, आधी पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये धुवून वरचा ऑक्साइड काढायचा, मग कोबाल्ट नायट्रेट आणि युरियाच्या पाण्यात बुडवून ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाब सोसणारं घट्ट झाकणाचं भांडं, बंद करून ओव्हनमध्ये. गरम झाला की युरिया हळूहळू फुटतो, अमोनिया सुटतो, पीएच सावकाश चढतो, त्यामुळे सगळा कोबाल्ट एकदम साका होऊन तळाशी न बसता बराचसा फोमवरच कण धरतो आणि तिथूनच सुई वाढत जाते. ही सुई अजून ऑक्साइड नसते बरं का, कार्बोनेट हायड्रॉक्साइड असते, भट्टीत हवेवर तापवली की मग तिचा ऑक्साइड होतो. म्हणजे खळ लावून चिकटवलेला कागद नाही हा! सुई धातूवरच उगवलेली, म्हणून तर पावडर चिकटवायला पीव्हीडीएफ या प्लास्टिकचा बाइंडर लागत नाही, वीज वाहायला मिसळतात तो कार्बन ब्लॅकही नाही, करंटला थेट वाट. हे सगळं लेखात होतं, वाचलं असतंत तर.

कोबाल्ट महाग हे शेंबड्या पोरालाही माहितीये. पहिल्या सायकलच्या तोट्याचं पुढच्या भागात येणारच होतं, तुम्हालाच घाई. आणि वजनाचं म्हणाल तर ग्रॅमला 890 मिलीअँपियर-तास हा क्षमतेचा थिअरीतला आकडा नुसत्या ऑक्साइडचा आहे, नेहमीच्या ॲनोडमधल्या ग्राफाइटचा 372 सुद्धा खालची तांब्याची फॉइल न धरताच सांगतात, तिथे जाऊन विचारा की. फोम जड असतो हो, पण लेखाचा विषय तो नव्हता.

पुढच्या वेळी 'म्हणे' लावून बोलायचं असेल तर टोपणनाव काढून बोला, माझं नाव वर लिहिलेलं आहे.